गच्ची, फिल्टर आणि मोकळी शेपटी: बोरिवलीतल्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

मशीन आलं एकदाचं. ऑडिओमॉथ, माणसाच्या कानापलीकडचे आवाजही टिपणारं रेकॉर्डर: क्रेडिट कार्डाएवढा हिरवा बोर्ड, तीन पेन्सिल सेल आणि एक मायक्रो एसडी कार्ड. ठाण्याच्या मित्राकडे दोन होते, त्यातला एक त्याने सहा महिन्यांसाठी दिलाय, बदल्यात त्याला आंब्याची पेटी कबूल केलीय.

काय करायचंय ते लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मीच विसरेन. गच्चीवर मशीन लावून वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि त्यात मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ सापडतं का बघायचं. फ्री-टेल्ड बॅट. वटवाघूळ म्हटलं की लोकांना झाडाला उलटं लटकलेलं मोठं फळखाऊ आठवतं, ही मंडळी त्यातली नाहीत. छोटी, किडे खाणारी, कोकणात आजी ज्यांना पाकोळ्या म्हणायची त्यातली. बहुतेक पाकोळ्यांची शेपटी मागच्या दोन पायांमधल्या पडद्यात शिवल्यासारखी असते, यांची मात्र पडद्याच्या कडेच्या बाहेर उंदरासारखी मोकळी लोंबते, नाव त्यावरूनच पडलं. मला हवं असलेलं म्हणजे टॅडारिडा इजिप्टिआका. १५-२० ग्रॅमचं जनावर, महाराष्ट्रातून त्याच्या नोंदी आहेत, पण कोणाला विचारलं तर "असेल की" याच्यापलीकडे उत्तर मिळत नाही. दिवसा खडकाच्या नाहीतर जुन्या बांधकामाच्या फटीत घुसून बसतं, रात्री खूप उंचावरून सुसाट उडतं, त्यामुळे दिसतं कोणाला. डोळ्याने नाही तर कानाने शोधायचं, आणि कानही आपले नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

सेक्रेटरी काकांची परवानगी. अर्धा तास लागला. पहिला प्रश्न कॅमेरा आहे का, दुसरा प्रश्न लाईट बिल सोसायटीचं लागणार का, तिसरा प्रश्न वटवाघळं बोलावणार आहेस का. बोलावत नाहीये काका, ती येतातच, मी फक्त हजेरी घेतोय, असं सांगितल्यावर हसले आणि टाकीच्या बाजूच्या पाईपला बांधायला दिलं. आठव्या मजल्यावरची गच्ची, पूर्वेला नॅशनल पार्कचं जंगल दिसतं, पश्चिमेला हायवे ऐकू येतो. जागा एक नंबर.

सेटिंग ३८४ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ३ लाख ८४ हजार नमुने (सॅम्पल), संध्याकाळी सहा ते दहा.

१० ऑक्टोबर

परतीच्या पावसाने झोडपलं. मशीन झिप-लॉक पिशवीत होतं म्हणून वाचलं पण पिशवीवर थेंब पडल्याचा आवाज प्रत्येक फाईलमध्ये, जणू कोणी पापड भाजतंय. काही उपयोग नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला धडा कार्डाचा. ३८४ किलोहर्ट्झला तासाला पावणेतीन जीबीच्या वर डेटा होतो, चार तासांचे ११ जीबी, म्हणजे ३२ चं कार्ड तिसऱ्या रात्रीच भरतं आणि मी काढायला उशिरा गेलो. त्यात स्टेशनबाहेरून घेतलेलं स्वस्तातलं कार्ड, त्याने दुसऱ्या रात्रीच्या फाईली अर्ध्यातच सोडून दिल्या. ऑफिसचं काम करताना मी असला गाढवपणा करत नाही, छंद म्हटला की काय होतं कोण जाणे.

आता १९२ वर आणलंय. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचे आवाज पकडता येतात, म्हणजे ९६ पर्यंत, आणि मला हवंय ते २०-२५ च्या आसपास, त्यामुळे भरपूर झालं.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑडॅसिटीमध्ये फाईली उघडून बसलो. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र, डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर फ्रिक्वेन्सी. पहिल्या फाईलमध्ये इतका गोंधळ होता की मला वाटलं मशीन बिघडलं. मग एकेक उलगडत गेलं. सगळ्यात खाली जाड पट्टा म्हणजे हायवे. त्यावर रातकिडे. मग नाकतोड्यांचे कोणी भाऊबंद, ते थेट २० च्या वरपर्यंत करवत चालवतात, हे मला माहीतच नव्हतं, आपल्याला ऐकू येतो तो त्यांच्या गाण्याचा तळ फक्त. आणि ३३ वर एक सरळसोट रेघ, रात्रभर, न हलता. दोन दिवस डोकं खाजवलं. जिन्यावरच्या नव्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर निघाला. दिवा बंद केला, रेघ गायब.

पण या सगळ्यात वटवाघळं आहेत! सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांत ४० च्या वर छोट्या छोट्या हॉकी स्टिक उमटायला लागतात, वरून सरकन खाली आणि शेवटी जरा आडवी. ती पिपिस्ट्रेल, छोट्या पाकोळ्यांची एक जात. दहापट हळू करून वाजवलं की चिमणीसारखं चिव चिव ऐकू येतं. बायकोला ऐकवलं, ती म्हणाली छान आहे, दूध उतू जातंय बघ.

२६ ऑक्टोबर

फिल्टर लावला. मशीनमध्येच सोय आहे, अमुक फ्रिक्वेन्सीच्या खालचं सगळं गाळून टाक म्हणून सांगता येतं. १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं बंद. हायवे गेला, रातकिडे गेले, मोटरचा पंप गेला. चित्र एकदम धुतल्यासारखं स्वच्छ. हे आधीच करायला हवं होतं.

(पुढे वाचणाऱ्या मला: हे वाक्य लक्षात ठेव.)

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

नाशिकहून ताई आणि भाची आल्यात. ओवाळून झाल्यावर भाची म्हणाली मामा तुझं मशीन दाखव, म्हणून सव्वासहाला गच्चीवर. फटाके चालूच, प्रत्येक बॉम्बला स्पेक्ट्रोग्रामवर वरपासून खालपर्यंत भिंत उभी राहते, त्यामुळे आज रेकॉर्डिंगची आशा नव्हती.

भाची ९ वर्षांची. पार्काच्या बाजूला तोंड करून उभी होती आणि एकदम म्हणाली, मामा वरती कोणीतरी जीभ टाळूला लावून टक टक टक करतंय. मला काहीच ऐकू आलं नाही. ताईलाही नाही. मी म्हटलं पाल असेल. ती म्हणाली पाल आकाशात असते का? आणि बोट वर. खरंच, अंधारत्या आभाळात लांब अरुंद पंखांचं काहीतरी सरळ रेषेत निघून गेलं, पिपिस्ट्रेलसारखं घिरट्या घालत नव्हतं. पुन्हा दोनदा आलं, दोन्ही वेळा तिने आधी "आलं" म्हटलं आणि मग मला दिसलं.

वयाप्रमाणे कान वरच्या बाजूने झिजत येतात. मी ४६ चा, मला १२ किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही हे फोनवरच्या अॅपने तपासलेलं आहे.

रात्री फाईल उघडली तर फटाक्यांच्या भिंतींच्या मधोमध, २६ किलोहर्ट्झवर, जवळजवळ आडव्या छोट्या रेघांची माळ. लांब पंख, उंचावर, सरळ उड्डाण, खालची फ्रिक्वेन्सी, आडवे कॉल. सगळं जुळतंय. २६ जरा वर आहे टॅडारिडासाठी पण एवढं चालायचं. झोप लागली नाही.

९ नोव्हेंबर

हे का जुळतंय ते लिहून ठेवतो. पाकोळ्या ओरडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट आणि किडे शोधतात. आवाज जितका बारीक तितका तो हवेत लवकर विरतो. झाडांच्या गर्दीत उडणाऱ्याला चारदोन मीटरपुरतं ऐकू आलं की पुरतं, त्याला ६०-८०-१०० किलोहर्ट्झ परवडतं. उघड्या आभाळात जोरात उडणाऱ्याला लांबचं आधी कळायला लागतं, म्हणून तो खालच्या पट्टीत ओरडतो, आणि कॉल लांब खेचून आडवा करतो, म्हणजे सगळी ताकद एकाच फ्रिक्वेन्सीत. याची किंमतही आहे. ४० ला आवाजाची लांबी साडेआठ मिलिमीटर, २० ला १७. त्या लांबीपेक्षा बारीक किड्यावरून प्रतिध्वनी धड परत येत नाही, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या या लोकांना चिलटं दिसतच नाहीत, मोठे पतंग आणि भुंगेच पाहिजेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

२६ ची माळ आता रोज. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांत, पार्काच्या बाजूने. १४ रात्रींत १२ वेळा. फोल्डरला नाव दिलं: मोकळी शेपटी. मित्राला मेसेज टाकला, त्याने फक्त अंगठा पाठवला.

१ डिसेंबर

ऑफिसचं रिलीज. काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल फोर्टात काम होतं, हॉर्नबिल हाऊस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) कचेरीवरून गेलो आणि घरी येऊन जुनं वाचत बसलो. आपल्या भागातल्या मोकळ्या शेपटीवाल्यांत सगळ्यात गाजलेलं म्हणजे राउटनचं वटवाघूळ, ओटोमॉप्स राउटोनी, हे काही छोटं नाही, या कुळात चांगलं दांडगं. बीएनएचएसचा सस्तन प्राण्यांचा सर्व्हे चालू होता तेव्हा १९१२ मध्ये एस. एच. प्रेटर यांना बेळगावजवळ तळेवाडीच्या बारापेडे गुहेत ते मिळालं, १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमसने त्याचं वर्णन छापलं आणि सर्व्हेमागचे फॉरेस्ट ऑफिसर राउटन यांचं नाव दिलं. पुढे कित्येक दशकं जगात ते एवढ्या एकाच गुहेतून माहीत होतं, कंबोडिया आणि मेघालय फार उशिरा आले. वन्यजीव कायद्यात ते शेड्यूल १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याच कायद्यात बहुतेक फळखाऊ वटवाघळं मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी म्हणून होती, एकाच घरातल्या दोन भावांना अशी वागणूक. प्रेटर पुढे संविधान सभेतही होते हे मला आज कळलं. गुहेतून वटवाघूळ काढणारा माणूस संविधान सभेत, हे मला भलतंच आवडलं.

माझ्या टॅडारिडाची जन्मकथा अजून जुनी. नेपोलियन इजिप्तवर गेला तेव्हा सोबत शास्त्रज्ञही नेले होते, त्यातल्या झॉफ्रुआने १८१८ मध्ये याला नाव दिलं. तिथून आफ्रिका, अरबस्तान करत भारतापर्यंत ते पसरलेलं आहे. त्याच झॉफ्रुआने त्याच १८१८ मध्ये इजिप्तच्या थडग्यांत राहणाऱ्या दुसऱ्या वटवाघळांनाही नाव दिलं, टॅफोझस, ग्रीकमध्ये टॅफोस म्हणजे थडगं. इंग्रजीत टूम बॅट. हे सहज टिपून ठेवतो, आपल्या कामाचं नाही.

१५ जानेवारी २०२५

कामाचं आहे. भलतंच कामाचं आहे.

काल संक्रांत. संध्याकाळी साडेसहाला वॉचमनचा फोन, साहेब आपका चमगादड गिरा है. "आपका"! मागच्या कंपाऊंडला जांभळाच्या झाडाखाली मांजात गुंडाळलेलं. उघड्या हाताने धरायचं नाही हे पक्कं ठाऊक होतं, वटवाघूळ चावलं तर रेबीजची भीती असते, म्हणून जाड बागकामाचे हातमोजे आणि जुना टॉवेल. वॉचमनने टॉर्च धरला, मी नखं कापायच्या कात्रीने दोरा कापला. पंखाच्या पडद्याला एक चीर, हाड शाबूत वाटलं.

आणि शेपटी. मोकळी शेपटी! हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. तीन महिने ज्याच्या मागे होतो ते टॉवेलमध्ये.

मग नीट बघितलं. शेपटी मोकळी होती पण पडद्याच्या कडेतून बाहेर येत नव्हती. पडद्याच्या मध्यातून, वरच्या बाजूने, बटणाच्या काजातून बटण यावं तशी वर आली होती आणि टोक पाठीच्या बाजूला पडलं होतं. मोकळ्या शेपटीवाल्याचं तोंड कुत्र्यासारखं असतं, वरच्या ओठाला सुरकुत्या, कान जाड आणि डोळ्यांवर झुकलेले. याचं तोंड निमुळतं, डोळे मोठे, आणि गळ्याखाली काळी दाढी. अक्षरशः दाढी. टॅफोझस मेलॅनोपोगॉन, मेलॅनोपोगॉनचा अर्थच काळी दाढीवाला. थडग्यातला. लेणी, गुहा, जुने किल्ले इथे राहणारा, आणि माझ्या गच्चीवरून सरळ रेघ मारली तर पार्कातली कान्हेरीची लेणी किती लांब आहेत? काखेत कळसा.

वन्यजीव रेस्क्यूवाले दीड तासाने आले, तोपर्यंत भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात टॉवेलसकट अंधारात ठेवला. जगेल म्हणाले.

१६ जानेवारी

रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. टॅफोझसही उघड्या आभाळात, उंच, लांब अरुंद पंखांनी उडतं. कॉल आडवे, २५-३० च्या आसपास. म्हणजे माझी "सगळं जुळतंय" वाली यादी याला पण तंतोतंत जुळते. फरक एकच. टॅफोझसच्या आवाजात एकावर एक मजले असतात, हार्मोनिक. मूळ सूर तळमजल्यावर, पण तो दबका, सगळा जोर त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या पहिल्या मजल्यावर. टॅडारिडाचा जोर मूळ सुरावरच. म्हणजे २६ च्या माळेखाली १३ वर पुसट माळ दिसली तर थडग्यातला.

आणि १३ वर काय आहे माझ्या फाईलींमध्ये? काही नाही. काळं. कारण १६ च्या खालचं सगळं मीच गाळून टाकलंय. चहा गाळला आणि चहाच फेकून गाळणं जपून ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

फिल्टर काढला. तीन रात्री रेकॉर्ड केल्या. हायवे परत आला, पंप परत आला, चित्र पुन्हा चिखल. पण त्या चिखलात, मोठा आवाज असलेल्या प्रत्येक माळेखाली, बरोबर निम्म्यावर, १३ वर पुसट टिंबं. आणि वर ३९ वर अजून एक मजला. पंचवीस माळा तपासल्या. जिथे वटवाघूळ जवळून गेलं तिथे सगळीकडे १३ ची रेघ आहे.

मग एकदम आठवलं. टक टक टक.

ताईला फोन केला, तिच्या फोनवर टोन जनरेटर अॅप टाकायला लावलं (व्हॉट्सॅपवरून पाठवून उपयोग नव्हता, वरचा आवाज तो कापून टाकतो). भाचीला न दाखवता ९, ११, १३, १५ वाजव आणि विचार भाऊबीजेला ऐकलेलं यातलं कुठलं. भाचीने आधी "हे नुसतं ई करतंय, ते टक टक होतं" म्हणून ताईला झापलं, मग बटण तोडून तोडून दाबायला लावलं, आणि १३ ला म्हणाली हे. एका मुलीवर एक प्रयोग, याला पुरावा म्हणत नाही मी. पण ३ नोव्हेंबरला ती ऐकत होती तोच तळमजला माझ्या मशीनने माझ्याच सांगण्यावरून फेकून दिला होता, आणि मी म्हटलं होतं पाल असेल.

फोल्डरचं नाव बदललं. मोकळी शेपटी आता: दाढीवाला.

२६ जानेवारी

मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला मला वाटलंच होतं. मग अंगठा कशाला पाठवलास? म्हणाला तू इतका खूश होतास. आंबे कॅन्सल.

नवं सेटिंग: फिल्टर बंद, २५० किलोहर्ट्झ, १२८ चं ओरिजिनल कार्ड, रोज सूर्यास्तापासून तीनच तास.

९ फेब्रुवारी, रविवार

दाढीवाले रोज. आता ओळख झालीय, थंडीत जरा उशिरा येतात. निराश झालो असं नाही, कान्हेरीची मंडळी घरावरून ये-जा करतात हे काय कमी आहे, तिथली लेणी दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदलेली, भिख्खू गेले, हे राहिले. पार्कात आत जाऊन रेकॉर्ड करायचं तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते, त्याचा अर्ज लिहायला घेतलाय, पण तो वेगळाच प्रकल्प आहे.

वाचता वाचता एक सापडलं. थायलंडमध्ये मोकळ्या शेपटीचीच एक जात, सुरकुतलेल्या ओठांची, एका गुहेत लाखांनी राहते आणि भातावरचे तुडतुडे खाते. १८०० मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं ते बंगालमधल्या नमुन्यावरून. आपल्याकडे भात, तुडतुडे आणि वटवाघूळ तिन्ही आहेत.

२३ फेब्रुवारी

पंप दुरुस्त करायला प्लंबर आला आणि मशीन पाईपसकट काढून कोपऱ्यात ठेवलं. चार रात्री भिंतीचं रेकॉर्डिंग.

९ मार्च, रविवार

हे लिहिताना सावध राहायचं ठरवलंय.

गुरुवारी रात्री ८ वाजून १० मिनिटं. दाढीवाल्यांची वेळ टळून गेल्यावर. सात कॉल, साधारण २० किलोहर्ट्झवर, जवळजवळ आडवे, जरासा उतार. एकेक १२-१४ मिलिसेकंदांचा, दोन कॉलमध्ये पाव सेकंदाच्या वर अंतर, म्हणजे सावकाश हाक मारत जाणारं कोणीतरी उंचावरचं. नाकतोडा नाही, नाकतोडा असा मध्येच येऊन मोठा होत होत परत बारीक होत जात नाही. एलईडी नाही. फिल्टर नाही, चार वेळा तपासलं.

१० वर रेघ नाही.

आता उलटी बाजू. दूरच्या वटवाघळाचा तळमजला आधीच दबका, त्यात १० वर हायवेचा आवाज अजून बऱ्यापैकी असतो, त्यात तो बुडाला असेल. आणि टॅफोझसच्या नात्यातले मोठे भाऊबंद २०-२५ मध्येही ओरडतात. सात कॉलवर मी काही बोलणार नाही. मित्राला कच्ची फाईल पाठवली, सोबत लिहिलं अंगठा पाठवलास तर बघ. त्याने लिहिलं: "असू शकतं. असू शकतं एवढंच."

१५ मार्च

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, कानात अजून रंग. १० किलोहर्ट्झ तर मलाही ऐकू येतं, मग मशीनवर कशाला विसंबायचं, म्हणून काल आणि आज सात ते साडेआठ गच्चीवर नुसता बसलो. हायवे, कुत्री, कोणाच्यातरी घरी सिरीयल. आज ८ वाजून ४ मिनिटांनी टाकीच्या वर काहीतरी अरुंद, चाकूसारखं, पार्काकडून आरेच्या दिशेने गेलं. कान टवकारून बसलो होतो, टक नाही, टिक नाही. खाली येऊन फाईल उघडली. ८:०४ ला पाच कॉल, २० वर, आधीपेक्षा मोठे. खाली १० वर काही नाही.

फोल्डर केला. नाव: मोकळी शेपटी, प्रश्नचिन्ह.

सेक्रेटरी काकांची नोटीस लिफ्टमध्ये लागलीय, १ एप्रिलपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळ्यांनी आपापलं सामान उतरवावं. म्हणजे माझ्याकडे सोळा रात्री आहेत. उद्या मशीन टाकीच्या शिडीच्या वरच्या टोकाला बांधतो, तिथून हायवे टाकीच्या आड जातो.